आधी वादक सांगा, मग ऑफसेटचं बघू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर, जॅग्वार असल्या तिरक्या कमरेच्या, म्हणजे 'ऑफसेट', गिटारींचं वेड लोकांना कोणामुळे लागतं, आणि त्या वादकासारखा आवाज हवा तर काय घ्यावं? नावं पटापट सांगता येतात. पण त्यातला प्रत्येकजण या गिटारचा वेगळाच भाग कामाला लावतो, आणि घोळ होतो तो तिथे.

सर्वांत जास्त फसगत निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनच्या चाहत्यांची. त्याची १९६५ची जॅग्वार पाहून साधी जॅग्वार घेतात आणि आवाज येतो पातळ, टोचरा. त्याच्या गिटारवर मूळचे सिंगल कॉइल, म्हणजे तारांची थरथर टिपणारे एका वेटोळ्याचे पिकअप, नव्हतेच; डिमार्झिओ कंपनीचे हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचे भरीव आवाजाचे पिकअप, होते. तेव्हा हंबकरवालीच बघा. द स्मिथ्स बँडच्या जॉनी मारचं उलट आहे. त्याच्या २०१२च्या जॅग्वारला सिंगल कॉइलच आहेत, पण चार जागांचा स्विच आहे. चौथ्या जागेवर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडले जातात, म्हणून आवाज भरतो.

व्हेंचर्सचा बॉब बोगल किंवा टेलिव्हिजनचा टॉम व्हर्लेन आवडत असेल तर मूळ रूपातली जॅझमास्टर पुरे. फक्त तारा जाड घाला.

या 'जाड'वर थोडं थांबतो. १९५८ साली जॅझमास्टर आली ती तेव्हाच्या जाड तारा धरूनच. ब्रिजवरून, म्हणजे तारा टेकतात त्या खालच्या आधारावरून, तार मागे जाते ती फार उथळ कोनात, त्यामुळे सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तारेच्या खाचेवर, दाब कमी. त्यावर ९ नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा, संच चढवलात की जोरात वाजवताना तार खाचेतून उडते, खरखरते. लोक ब्रिजला शिव्या देतात. ११चा जाड संच घाला. तेवढ्यानं भागलं नाही तर नेक, म्हणजे गिटारची मान, काढून ती बसते त्या खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची पाचर द्या. नेक किंचित मागे कलते, तारा खाली येतात, मग ब्रिज उंच करता येतो आणि कोन वाढतो. तारांवर मागून दाब देणारा बझ स्टॉपही मिळतो. पण सॉनिक यूथच्या थर्स्टन मूर, ली रनाल्डोंमुळे इकडे वळला असाल तर तो नको: ते ब्रिजमागच्या तारांवर वाजवतात, आणि नेमका तोच तुकडा दबतो. मूळचा ब्रिज पुढे-मागे डुलतो; डायनोसॉर ज्युनियर बँडच्या जे. मॅस्किसच्या नावाच्या स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) जॅझमास्टरवर मात्र न डुलणारा ब्रिज आहे. धसमुसळ्या हातांना तो बरा.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडच्या केव्हिन शील्ड्सवाल्यांना मात्र डुलणारा ब्रिज चालतो. शील्ड्स ट्रेमोलोची, म्हणजे सूर वर-खाली करणारी, दांडी मुठीत धरूनच स्ट्रम करतो, म्हणून प्रत्येक फटक्याला अख्खा कॉर्ड झोके घेतो. त्यासाठी ब्रिजचे दोन्ही पाय आपापल्या वाट्यांत मोकळे हलले पाहिजेत. एखादा अडला किंवा नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत तार रुतली, की सूर परत जागेवर येत नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

ट्रेमोलोचं कुलूपही, म्हणजे त्याच्या प्लेटवरचं सरकतं बटण, नीट जुळवून घ्या. कुलूप उघडं ठेवून तारा सुरात लावा, मग बटण सरकवून पाहा. ते अडलं, किंवा सरकताना सूर हलला, तर प्लेटवरचा स्प्रिंगचा स्क्रू थोडा फिरवा आणि पुन्हा सूर लावा. हे दोन-चारदा करावं लागतं, कंटाळू नका. एकदा जमलं की वाजवताना तार तुटली तरी बटण सरकवल्यावर बाकीच्या पाच जवळपास सुरात राहतात. कुलूप बंद असताना दांडी वर ओढून सूर चढत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आणि नवी गिटार अचानक मुकी किंवा घोगरी झाली तर दुरुस्तीला नेण्याआधी वरच्या शिंगाजवळचा छोटा सरकता स्विच बघा. तो चुकून वर गेला की फक्त नेककडचा पिकअप चालतो आणि खालचे नॉब निकामी होतात. शेजारची दोन दातेरी चाकं शून्यावर असली तर काहीच ऐकू येत नाही.