लाकडी कॅबिनेटची कामनोंद: सोलापूरच्या हवेत सागवान कसं बसवायचं

आत्ताची स्थिती आधी. संगणकाचं कॅबिनेट साधं मिड टॉवर (मध्यम उंचीचं उभं) आहे: उंची ४५० मिमी, रुंदी २१०, खोली ४३०, पावडर कोटिंग केलेला पत्रा. पुढची सागवानी पट्ट्यांची जाळी बसली आहे. उजव्या दाराला व्हीनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लागलं, कडा झाल्या, पॉलिशचे शेवटचे हात बाकी आहेत. डावीकडची काच तशीच राहील. वरची फळी कापून थप्पीत ठेवली आहे. ती दिवाळी झाल्यावरच बसवायची, कारण या कामात पॉलिशपेक्षा हवेचा हिशेब मोठा.

तो हिशेब असा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने हलतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की घरातल्या लाकडातला ओलावा ५-६ टक्क्यांवर येतो. पावसाळ्यात तोच १३ च्या आसपास चढतो. फरक ८ टक्के धरा. सपाट चिरलेल्या सागवानाची रुंदी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला सुमारे ०.१८६ टक्के बदलते. म्हणजे ४५० मिमी रुंद अखंड फळी वर्षभरात जवळपास ६.७ मिमी कमीजास्त होणार. २१० मिमीची ३ मिमीच्या वर. १२ मिमीची पट्टी मात्र जेमतेम ०.१८ मिमी. खालचा पत्रा उन्हाळा-पावसाळ्यात जागचा हलत नाही, त्यामुळे त्याला घट्ट चिकटवलेली रुंद फळी मेमध्ये चिरते, नाहीतर ऑगस्टमध्ये मधोमध फुगून उचलते. फेविकॉल कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

यावरून सगळे निर्णय ठरले: पुढे अखंड लाकडाच्या अरुंद पट्ट्या, दाराला प्लायवरचं व्हीनियर, आणि वरची फळी सरकत्या छिद्रांवर.

पुढची जाळी

लाकूड पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं घेतलं. जुनं सागवान वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि त्याच्या रेषा दाट असतात, कॅबिनेटसाठी याहून चांगला माल नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. सॉ मिलवर नेण्याआधी चारही बाजूंनी जोरदार चुंबक फिरवून खिळे शोधा. डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही आणि पातं खराब झालं की मिलवाला पुढच्या वेळी जुनं लाकूड हातात घेत नाही. दुसरं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा. किडे गाभ्यापेक्षा बाहेरच्या पांढऱ्या भागाला आधी धरतात, तो कापून टाकलेलाच बरा.

जाळीचं माप: १२ × १२ मिमीच्या १० पट्ट्या, मधे १० मिमीच्या ९ फटी. १२० आणि ९० मिळून बरोबर २१०. उघडी जागा ४३ टक्के मिळते. फटी ६ मिमीच्या केल्या तर जाळी देखणी दिसते, पण हवा अडते. दिसण्यासाठी फट कमी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये आलेल्या फ्रॅक्टल डिझाइनच्या ‘नॉर्थ’ कॅबिनेटला पुढे ओक किंवा अक्रोडाच्या पट्ट्या आहेत. ते पाहून पुष्कळ जण या कामाकडे वळले. त्यातही पट्ट्यांमागे मोकळी हवा आहे, हे विसरू नका.

पट्ट्या चिरताना १३ मिमीच्या चिरा, १ मिमी रंध्यासाठी. पातं ३ मिमी खातं. दोन जास्तीच्या धरून १२ पट्ट्यांना १२ × १३ अधिक ११ × ३, म्हणजे १८९ मिमी रुंदी लागते. फळी २०० मिमीची घ्या, जाडी १३-१४. चिरण्याआधी फळीच्या पाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढा. चिरल्यावर प्रत्येक पट्टीवर त्या त्रिकोणाचा एक तुकडा राहतो. तो जुळवला की पट्ट्यांचा क्रम आणि वरची-खालची बाजू आपोआप लागते, आणि रेषा एका पट्टीवरून दुसरीवर वाहत गेल्यासारख्या दिसतात. नंबर टाकूनही क्रम लागतो, पण एखादी पट्टी उलटी बसली तर नंबरावरून कळत नाही.

चिरल्यावर लगेच रंधा मारू नका. लाकडातला आतला ताण सुटतो आणि काही पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात. मधे बारीक काड्या ठेवून आठवडाभर सावलीत थप्पी लावा, सरळ राहिलेल्या दहा निवडा, मग गुण्याला लावून १२ वर आणा. जोडणी मागून: वर, मध्ये आणि खाली २० × २ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी, प्रत्येक सांध्याला ३ मिमीचा १० लांबीचा स्क्रू. आधी २ मिमीचं छिद्र पाडा, टोकापासून निदान १२ मिमी आत, नाहीतर पट्टी टोकाला उकलते. फटी सारख्या राहाव्यात म्हणून प्लायचे १० मिमीचे ठोकळे मधे अडकवून स्क्रू आवळायचे. सागवानाचं वजन घनसेंटिमीटरला ०.६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक पट्टी ४२ ग्रॅम आणि दहा मिळून ४२० ग्रॅम. मूळ प्लास्टिकच्या खुंट्यांवर हा भार टाकू नका. कोपऱ्यांत १० × ३ मिमीची निओडिमियम चुंबकं आणि खाली आधाराला एक कोन पट्टी दिली की जाळी एका हाताने निघते. एसएसडीला या चुंबकांचा काही त्रास नाही.

पंख्यापासून पट्ट्यांच्या पाठीपर्यंत १५ मिमी मोकळे ठेवले आहेत. पाती पट्ट्यांच्या अगदी जवळ फिरली की घरघर वाढते. मधे बारीक नायलॉनची चुंबकी कडेची जाळी आहे, आणि सोलापुरात ती हवीच. यंत्रमागाच्या परिसरात हवेत सुती तंतू असतो. धूळ रेडिएटरमधून थोडीफार निघून जाते, तंतू मात्र एकमेकांत गुंतून नमदा बनतो. टॉवेल-चादरीच्या कारखान्याजवळ राहत असाल तर ही नायलॉनची जाळी दर पंधरवड्याला धुवा.

बसवण्याआधी आणि नंतर तापमान मोजा: खोलीचं तापमान तेच, लोड तोच, अर्धा तास चालवून, आणि आकडा खोलीच्या वर किती तेवढाच लिहा. ग्राफिक्स कार्ड ३ अंशांहून जास्त चढलं तर फट किंवा मागची मोकळी जागा वाढवा.

उजवं दार

इथे मोह असतो तो ०.५ मिमीचं सुटं व्हीनियर थेट पत्र्यावर लावण्याचा. करता येतं, पण पांढऱ्या फेविकॉलने नाही. पाण्याचा गोंद पावडर कोटिंगला धरत नाही आणि व्हीनियर ओलं होऊन गुंडाळतं. एसआर ९९८ सारखा रबरी गोंद धरतो, पण त्यावर नंतर थिनरचा पॉलिश मारला की थिनर पातळ व्हीनियरमधून खाली उतरतो आणि गोंद सुटून फुगे येतात. शिवाय उन्हाळ्यात पत्रा तापला की रबरी गोंद नरम पडतो आणि कडा हळूहळू सरकतात. थेट पत्र्यावरच लावायचं असेल तर १२० नंबरच्या पेपरने कोटिंग घासून खरखरीत करा, मग इपॉक्सी वापरा आणि रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा.

आम्ही ४ मिमीचा तयार सागवानी व्हीनियर प्लाय घेतला. त्याच्या मागेही थर असतो, त्यामुळे तो तोल सांभाळतो. ३ मिमीच्या एमडीएफला एकाच बाजूने व्हीनियर लावलं तर तो हमखास पापडासारखा वाकतो. पाठीलाही तेवढ्याच जाडीचं, त्याच दिशेच्या रेषांचं साधं व्हीनियर लावावं लागतं.

कापताना चिकटपट्टी लावून धारदार सुरीने आधी रेघ खोल करा, मगच करवत. नाहीतर आडव्या रेषांवर तोंडाला कपचे उडतात. कडेला प्लायचे थर दिसतात, तिथे ४ मिमीची सागवानी लिपिंग (कड झाकणारी पट्टी) लावली, थोडी उंच ठेवून नंतर छोट्या रंध्याने सपाट केली. सागवान तेलकट असतं, म्हणून गोंद लावण्याच्या ऐन आधी थिनरचा बोळा फिरवा. अर्धा तास थांबलात तर तेल पुन्हा वर येतं.

पॉलिश पेपर २४० चा, हाताने आणि ठोकळ्यावर. मशीन नको. वरचा लाकडाचा थर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो, आणि सगळ्यात जास्त पॅनेलं कडेला घासून खालचा प्लाय दिसल्यामुळे वाया जातात. एकदा तो फिकट डाग दिसला की त्यावर इलाज नाही, म्हणून कडेच्या शेवटच्या २० मिमीत हात हलका ठेवा.

पॉलिशमध्ये चपडा लाखेची चमक फार सुंदर, पण ती उष्णतेने मऊ होते आणि ओल्या पेल्याचा पांढरा डाग धरते, त्यामुळे कॅबिनेटला दोन भागांचं मॅट पीयू (पॉलियुरेथेन) घेतलं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच. आधी सीलर, मग ३२० चा पेपर, मग पातळ तीन हात. कडक उन्हात मारलं तर थिनर पसरण्याआधी उडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा राहतो. पावसाळी दमट हवेत, विशेषतः लॅकरवर, पांढरट धुकं बसतं. राहिलेले हात त्यासाठीच थांबवले आहेत. उघडीप मिळाली की सकाळी नऊच्या आत मारायचे.

पट्ट्यांना मात्र उकळलेलं जवसाचं तेल लावलं, हातांमध्ये चार-पाच दिवसांचं अंतर ठेवून. तेल पूर्ण सुकल्याशिवाय जाळी पंख्यांसमोर लावू नका, तंतू कायमचा चिकटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वरची फळी

४३० लांब, २१० रुंद, १५ जाड, रेषा लांबीच्या दिशेने. मागच्या अर्ध्यात १२० मिमीच्या पंख्यासाठी ११५ व्यासाचं भोक. पंख्याच्या स्क्रूंचं अंतर १०५. पंखा फळीला नाही, पत्र्यालाच आवळायचा. खालून गरम हवा लागते आणि वरून नाही, त्यामुळे एकाच बाजूने पॉलिश केलेली फळी खोलगट होते. दोन्ही अंगांना आणि भोकाच्या आतल्या कडेलाही तेवढेच हात द्यायचे.

मधल्या रेषेवरचे दोन बोल्ट घट्ट. कडेच्या चारांसाठी पत्र्यात ४.५ × ८ मिमीची लांबट छिद्रं, रुंदीच्या दिशेने, मोठ्या वॉशरसह. म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमीची सरक आरामात मिळते. छिद्रं पाडताना आतलं सगळं सामान बाहेर काढायचं. लोखंडाचा एक कीस मदरबोर्डवर राहिला तरी शॉर्ट होऊ शकतो.

दिवाळी ते गड्ड्याची यात्रा (सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) या काळात लाकडातला ओलावा मधल्या पातळीवर, ८-९ टक्क्यांवर येतो. मीटरच्या सुया रोवून तो आकडा दिसला की फळी बसवायची. म्हणजे उन्हाळ्यात ती थोडी आवळेल, पावसाळ्यात थोडी फुगेल, आणि दोन्हीकडे जागा उरेल.

पॉवर बटणाचं काम त्यासोबतच होईल. १६ मिमीचं धातूचं बटण १५ मिमी जाडीच्या फळीत तसंच बसत नाही, त्याचा आटा नटपर्यंत पोचत नाही. मागून २४ व्यासाने फळी कोरून तिथे ५ मिमी जाडी ठेवायची. यूएसबीच्या तोंडाशीही तीच काळजी: लाकूड ३ मिमीहून जाड राहिलं तर जाड मुठीचा पेनड्राइव्ह पूर्ण आत जात नाही, म्हणून भोकाच्या कडा पटाशीने उतरत्या करून ठेवल्या आहेत.