चिंचोक्यांची पावले

मालवणच्या आपल्या शाळेत मी नववीत असताना, पावसाळ्यातल्या एका दुपारी, विज्ञानाच्या सरांनी आम्हा ४० मुलांना मधोमध फोडलेले चिंचोके वाटले. चिंचोका पांढरा पडला तर वहीतल्या रेघेवर एक घर उजवीकडे आणि काळा पडला तर डावीकडे, अशी १६ पावले टाकून आपण कुठे पोहोचलो ते प्रत्येकाने फळ्यावर फुली मारून दाखवायचे होते. फुल्यांचा ढीग मध्यभागी उंच आणि कडांना उतरता झाला खरा, पण तो सबंधच उजवीकडे सरकलेला होता. सरांनी चिंचोका बोटांत फिरवला आणि म्हणाले, “एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, हा समान न्याय कसा देईल?”

मग नाणी आली आणि ढीग मध्यावर बसला. पावले चौपट, म्हणजे ६४ केली, तेव्हा पसारा चौपट न होता साधारण दुप्पटच झाला. पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीत हाच वर्गमुळाचा नियम (पसारा पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो) दडलेला आहे, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँ यांनी दर ३० सेकंदांनी कणाची जागा टिपून, ते ठिपके रेघांनी जोडून डोळ्यांना दाखवले, हे मला महाविद्यालयात कळले. त्या क्षणी मला फळ्यावरच्या फुल्याच आठवल्या.

पुढे मी संगणकावर भौतिकशास्त्रज्ञ विटेन आणि सँडर यांची १९८१ मधली, भटके कण चिकटत समूह वाढत जाण्याची रचना करून पाहिली. मध्यावर एक कण स्थिर ठेवायचा, दुरून एकेक कण तशाच नाणेफेकीच्या पावलांनी भटकत सोडायचा आणि समूहाला स्पर्श होताच तो तिथेच चिकटवायचा. गोल गोळा होईल अशी माझी खात्री होती. पडद्यावर मात्र आपल्या मच्छीमारांच्या जाळ्यात कधी अडकून येणाऱ्या, पंख्यासारख्या पोवळ्याची आठवण व्हावी अशी फांद्यांची नक्षी उमलली. (पोवळे असेच वाढते, असा माझा दावा नाही.) बाहेर आलेले टोक भटक्या कणाला आधी गाठते, म्हणून ते आणखी बाहेर येते, आतल्या खाचांपर्यंत कण क्वचितच पोहोचतो, म्हणून त्या रिकाम्याच राहतात. कण पहिल्याच स्पर्शाला न चिकटता बहुतेक वेळा निसटू दिला, तर फांद्या जाड आणि दाट होतात.

१०,००० कणांचे असे एक चित्र मी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पाठवत आहे. पहिला कण त्यात लाल ठेवला आहे. नववीच्या मुलांनी तो शोधावा.