छत्तिसाव्या वर्षी मोतीबिंदू आणि टीपीएची ‘क्वेरी’

‘इस उम्र में मोतियाबिंद?’ हे इंदुरात मला रिक्षावाल्यानेही विचारलं. विमा कंपनीने मात्र लेखी विचारलं आणि त्यावर ऑपरेशन अडवून ठेवलं.

दम्यासाठी बरीच वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, त्याने भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरला. ह्या प्रकारात उजेडाचाच त्रास जास्त. रात्री एबी रोडवर समोरून हेडलाइट आला की सगळं पांढरंफटक. तपासणी, भिंगाचा नंबर, तारीख, सगळं पटापट झालं. (काउंटरवाल्या मुलीने थेंब घालायला आधी सोबतच्या बाबांनाच बसवलं, ते असो.)

मग कॅशलेस, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरायचं. टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची) क्वेरी: कारण लिहून आणा. डॉक्टरांनी ‘स्टेरॉइडमुळे’ असं दिलं. दुसरी क्वेरी: स्टेरॉइड कधीपासून, पहिली चिठ्ठी दाखवा. अहो, पहिली चिठ्ठी कोण जपतं? दमा मी पॉलिसी घेतानाच फॉर्मात लिहिला होता, मोतीबिंदूचा वेटिंग पीरियडही (पॉलिसी घेतल्यावर खर्च मिळण्याआधी थांबायचा काळ) कधीच उलटला होता. पण फोनवर दर वेळी नवा माणूस आणि आपली रामकहाणी पहिल्यापासून. एकाने तर ‘पैदाइशी तो नहीं है?’ असंही विचारून घेतलं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्या असं स्पष्ट आहे. ह्यांच्याकडे क्वेरी टाकली की घड्याळ पुन्हा शून्यावर! शेवटी मेल ठोकला: कोणत्या कलमाखाली अडवताय ते कलमाच्या नंबरासकट लिहून द्या, आधी तुमच्या तक्रार विभागाकडे जाईन, तिथे नाही जमलं तर भोपाळला विमा लोकपालांकडे. संध्याकाळी मंजुरी हजर.

तेव्हा फोनवर घसा कोरडा करू नका, लेखी मागा. डॉक्टरांच्या पत्रात कारण, नजर किती उतरली आणि त्रास कधी सुरू झाला, हे आधीच घालून घ्या.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, दुपारी घरी. लांबचं लख्ख दिसतं. पण जवळचं गेलं, आणि हे कोणी धड सांगत नाही. साठीतल्या माणसाला वाचायचा चष्मा आधीच असतो, त्याला फरक कळत नाही. आपलं भिंग ह्या वयात जवळ-लांब जुळवून घेत असतं. साधं कृत्रिम भिंग एकाच अंतरावर पक्कं. त्या डोळ्याने मोबाइल वाचायला आता मला चष्मा लागतो. भिंग निवडतानाच हे विचारा, आणि पॉलिसीतली मर्यादाही बघा: आरोग्य संजीवनी ह्या ठरावीक साच्याच्या पॉलिसीत एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, जे कमी असेल ते.

तरुणपणी ऑपरेशननंतर कृत्रिम भिंगामागचं पातळ आवरण धूसर होण्याचं प्रमाण जास्त. त्याला लेझर आहे, काही मिनिटांचं काम. रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) सुटण्याचा धोकाही म्हाताऱ्यांपेक्षा जास्त, मोठा मायनस नंबर असेल तर आणखीच. डोळ्यात अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हो, थेंबांचं राहिलंच. ऑपरेशननंतरच्या थेंबांतही स्टेरॉइड असतं आणि काहींच्या डोळ्याचा दाब त्याने वाढतो. दर भेटीला दाब मोजायला लावा, आणि थेंब मनाने बंद करू नका.