बाळंतपणानंतरचं बीपी आणि त्यापुढचे दिवस

बाळ झालं की गरोदरपणात वाढलेलं बीपी आपोआप उतरतं, असं सगळे म्हणतात. उतरतं, पण लगेच नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते बऱ्याचदा पुन्हा चढतं, आणि तोवर बाळंतीण घरी आलेली असते.

शेवटच्या महिन्यात माझं बीपी १४०/९० च्या वर गेलं होतं, लघवीतून प्रोटीन जात होतं. गोळ्या सुरू होत्या. बाळंतपण नीट झालं आणि मी राजारामपुरीत माहेरी आले. पाचवीची तयारी चालली असताना डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मग समोर बसलेली आईच दिसेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाचवीच्या दिवशी असं होतं, आधी दृष्ट काढा. आईनं आधी रिक्षा बोलावली. वाटेत मला आकडी आली. ते मला आठवत नाही.

दवाखान्यात पुन्हा आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली, शिरेतून आणि कमरेवरही. अंगाची नुसती आग झाली. सिस्टर सारख्या येऊन गुडघ्यावर हातोडी मारायच्या, श्वास मोजायच्या, लघवी किती झाली बघायच्या. हे औषध अंगात जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो. म्हणून उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, जवळच ठेवलेला असतो. हे कळल्यावर पाय उडाला की मला धीर यायचा. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला सूज दिसली. डोळे चांगले होते, दिसणं मेंदूत अडलं होतं. बीपी आटोक्यात आलं तसं हळूहळू दिसायला लागलं.

पण माझ्यासाठी अवघड काळ त्यानंतरचा होता. डोळे मिटायची भीती वाटायची, झोप लागायची नाही. बाळाला घेताना आकडी येईल म्हणून हात कापायचे. ओळखीच्यांची नावं आठवायची नाहीत. घरचे म्हणायचे, बाळंतिणीनं रडू नये, दुधावर परिणाम होतो. न्यूरॉलॉजिस्टनी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. तिथं बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची, एडिनबरा नावाची दहा प्रश्नांची यादी भरायची होती. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मी खरं तेच लिहिलं. अंगावर पाजताना चालणारी नैराश्यावरची सर्ट्रालिनची गोळी आणि समुपदेशन सुरू झालं, रात्रीचं बाळ ह्यांनी सांभाळायचं ठरलं. झोप मिळायला लागली तसं मन सावरलं.

मला आता दरवर्षी बीपी तपासायचं आहे आणि पुन्हा दिवस राहिले तर सुरुवातीलाच डॉक्टरांना हे सगळं सांगायचं आहे. बीपीचा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. मनाचं काही असलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं. माझ्या जावेला सातवा लागलाय. बीपीचं मशीन तिच्याकडं दिलंय आणि बाळ झाल्यावरही रोज मोजायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.