हेदरखालची दोनपानी

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पवनचक्क्यांकडे जाणारा रस्ता आखला जात होता. त्याच्या पट्ट्यात काय काय उगवतं ते बघायचं काम माझ्याकडे. नकाशावर नुसतं 'हेदरचा माळ' लिहिलेलं; हेदर म्हणजे इथलं बुटकं, दाट झुडूप. जूनचे दिवस, वारा पडलेला, त्यामुळे मिज नावाच्या चिलटांनी जीव नकोसा केला होता.

इथे ट्वेब्लेड म्हणजे दोन पानांच्या ऑर्किडच्या दोन जाती. 'कॉमन ट्वेब्लेड' कुरणात गुडघ्याएवढी वाढते, सहज सापडते. 'लेसर ट्वेब्लेड' जेमतेम बोटभर. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत तिचं नाव 'माळावरची दोनपानी'. पण माळावर असूनही ती उभ्याने दिसेल तर शपथ! ओल्या शेवाळात पालथं पडून हेदरची झुडपं हाताने बाजूला करावी लागतात. तशी केली, आणि आखणीच्या ऐन मधोमध नखाएवढ्या पानांच्या जोड्याच जोड्या. वर लालसर फुलं, प्रत्येकाची ओठाची पाकळी सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली.

सोबतचे इंजिनियर म्हणाले, "एवढ्याशासाठी?"

मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि गवताची बारीक काडी फुलाच्या मध्याला टेकवली. टचकन डिंकाचा थेंब उडाला. काडी वर घेतली तर टोकाला पिवळे परागपुंज चिकटलेले, आणि दोन-तीन सेकंदांत डिंक वाळलाही. ही करामत डार्विनने 1862 साली ट्वेब्लेडच्या मोठ्या जातीत वर्णिली आहे. धाकटीचं गिऱ्हाईक म्हणजे बुरशीवर वाढणाऱ्या इवल्या माश्या. साहेबांनी काडी मागून घेतली आणि आणखी तीन फुलं उडवली. शेवटी मीच थांबवलं.

"उपटून पलीकडे लावली तर?"

रानफूल मालकाच्या परवानगीशिवाय उपटायला इथे बंदी आहे, पण परवानगी देणारा मालकच रस्त्याच्या बाजूचा, म्हणजे कायदा माझ्या कामाचा नव्हता. मी जमिनीतल्या बुरशीचं सांगितलं. या ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी नाही. ती बुरशी भेटली तरच रुजतं. झाड हलवता येईल, खालची जमीन कशी हलवणार?

ते काही बोलले नाहीत. लोखंडी सळई पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-पाल्याच्या ओल्या थरात, खुपसत थोडं वर चढले आणि तिथूनच ओरडले, "इकडे पीट उथळ आहे! भरावही कमी लागेल."

रस्ता वर सरकला. अहवालात मी दोन्ही कारणं लिहिली, ऑर्किडचं आधी.