मुंबईत राहता येईल, म्हणून

कॅनडात आश्रयाचा दावा फेटाळला गेल्यावर फेडरल कोर्टात न्यायिक पुनर्विलोकन मागता येते. तेथे दावेदाराची हकिकत नव्याने ऐकली जात नाही. दाव्यावर निर्णय देणाऱ्या निर्वासित मंडळाने दिलेली कारणे त्याच्यासमोरच्या पुराव्यावर टिकतात का, एवढेच न्यायाधीश पाहतात, आणि त्या सुनावणीसाठीही आधी परवानगी मिळावी लागते.

टोरोंटोत मी ज्यांची बाजू मांडली ते पंजाबातील शेतकरी होते. (ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.) कोठडीत त्यांना मारहाण झाली हे मंडळाने मान्य केले होते, दावा फेटाळला गेला तो, ते मुंबईत सुरक्षित राहू शकतील, एवढ्याच कारणावर. फेडरल अपील न्यायालयाच्या १९९१ च्या रसरत्नम निकालापासून हा मुद्दा दोन प्रश्नांवर तपासला जातो: तेथे छळाची गंभीर शक्यता आहे का, आणि तेथे जाऊन राहावे ही अपेक्षा एकूण परिस्थितीत वाजवी आहे का. सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असतो.

मी गोरेगावात वाढले. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक असते. पण वकिलाला साक्ष देता येत नाही, त्यामुळे मला अभिलेखातील कागदांवरच बोट ठेवावे लागले. भारताविषयीच्या मंडळाच्याच माहितीसंचात भाडेकरू पडताळणीचा आणि देशभरातील पोलीस ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक प्रणालीचा उल्लेख होता, म्हणजे मुंबईत घर घेतल्यावर त्यांचा पत्ता पंजाबातील पोलिसांना कळू शकतो, हा माझा मुद्दा होता; मंडळाच्या निकालपत्रात दोहोंविषयी एक ओळही नव्हती. सरकारी वकिलांनी त्याच संचातून, पडताळणी सर्वत्र नीट होत नाही, असे सांगणारे उतारे वाचून दाखवले. ते उतारे खरोखरच तेथे होते, आणि त्यांचे वजन मी नाकारले नाही. परंतु दोन्ही बाजूंचे हे मोजमाप निकालपत्रातच व्हायला हवे होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या व्हॅविलोव्ह निकालानुसार मंडळाने न दिलेली कारणे न्यायालयात मागाहून जोडून निर्णय सावरता येत नाही. माझ्या मते, ज्याला परत पाठवायचे त्याला निदान एवढे तरी कळायला हवे की त्याने दिलेला कागद कोणी वाचला आणि तो का अपुरा ठरला.

निकाल राखून ठेवला गेला. पुढे लेखी आदेश आला: अर्ज मंजूर, प्रकरण फेरनिर्णयासाठी दुसऱ्या सदस्याकडे. अशिलांनी फोनवर हिंदीत पहिला प्रश्न विचारला, तो मुलांना बोलावून घेता येईल का, हा. अद्याप नाही, आश्रय मिळालेला नाही, असे मला सांगावे लागले. मुंबईचा प्रश्न पुन्हा विचारला जाणार होता, आणि त्यासाठी नवा पुरावा गोळा करायचा होता.