धारेची वेळ

शनिवार, रात्री

अकरावीच्या गैरहजर विद्यार्थ्यांची यादी सोमवारी कार्यालयात द्यायची आहे म्हणून ती घरी आणली होती; पण जेवणानंतर ती उघडण्याऐवजी गेले आठ दिवस ज्याने मला धरून ठेवले आहे त्या वाचनाकडेच वळलो. सुरुवात साध्या कामातून झाली. पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पाऊस न पोहोचणारा, प्रदेश शिकवताना आमच्या माण-खटावचे उदाहरण मुलांना पाठच असते, म्हणून या वेळी दुसरे उदाहरण शोधत होतो. अमेरिकेतील सिएरा नेवाडा या पर्वतरांगेच्या पूर्वेकडील कोरड्या दऱ्यांचे वाचता वाचता कॅलिफोर्नियातील डीप स्प्रिंग्ज नावाच्या दरीत पोहोचलो, आणि तिथे १९१७ मध्ये निघालेले, वीसएक मुलांचे एक महाविद्यालय आढळले.

आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणजे हायस्कूल संपल्यानंतरची पहिली दोन वर्षे. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालेला असा वर्ग हायस्कूलच्याच इमारतीत भरत असे, आणि १९२० पर्यंत अशा संस्था इतक्या झाल्या की त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. डीप स्प्रिंग्ज मात्र या कुटुंबात जन्मूनही त्यात बसत नाही. गावातल्या मुलांना घरी राहून शिकता यावे हा इतरांचा हेतू, तर मुलांना गावापासून शक्य तितके लांब नेणे हा याचा हेतू.

ते काढणारा एल. एल. नन हा मूळचा शिक्षणक्षेत्रातला नव्हता. कोलोरॅडोतील टेल्युराइड येथे तो वकिली आणि खाणीचा व्यवहार पाहत असे. उंचावरच्या खाणीला इंधन परवडेना, तेव्हा त्याने १८९१ मध्ये एम्स येथे पाण्यावर वीज निर्माण करून प्रत्यावर्ती प्रवाहाच्या (एसी) रूपाने ती तारेवरून डोंगरावर चढवली. पुढे उभ्या राहिलेल्या वीजकेंद्रांवर जी तरुण पोरे कामाला ठेवली, त्यांना कामाच्या जोडीने शिकवण्याची सोय त्याने केली, आणि हळूहळू विजेपेक्षा त्या पोरांतच त्याचा जीव रमला. म्हणजे आधी कामगार होते, त्यांना पुस्तके दिली गेली. डीप स्प्रिंग्जमध्ये हा क्रम उलटला: आधी हुशार म्हणून निवडलेले विद्यार्थी, आणि मग त्यांच्या हातात फावडे. हा उलटलेला क्रम मला आठवडाभर सोडत नाही.

सुमारे पाच हजार फूट उंचीवरची ती दरी, तीत गुरांचे एक मोठे कुरण, आणि जवळचे म्हणावे ते बिशप गावही डोंगरातली खिंड ओलांडून साठेक किलोमीटरवर. पहिल्या तुकडीच्या मुलांनी इमारती उभारण्याच्या कामातही हात लावला. शिक्षणाला शुल्क नव्हते. सत्र चालू असताना दरी सोडून जायचे नाही आणि दारूला स्पर्श करायचा नाही, असे दंडक होते. अभ्यास, श्रम आणि स्वशासन या तीन गोष्टींना सारखेच वजन होते: पहाटे उठून गायींची धार काढायची, स्वयंपाकघरात भांडी घासायची, लसूणघासाला पाणी द्यायचे, गवत कापून गंजी रचायची, आणि वर्गात येऊन ग्रंथांवर वाद घालायचा. लोकांपुढे उभे राहून बोलता आले पाहिजे, याचा तर फार आग्रह होता. ननने १९२३ मध्ये मुलांना उद्देशून जे लिहिले त्याचा आशय असा, की तुम्ही इथे रूढ पद्धतीच्या शिक्षणासाठी आला नाहीत, गुरे राखायला आला नाहीत आणि स्वतःच्या लाभासाठी एखादा धंदा शिकायलाही आला नाहीत; तुम्ही सेवेच्या आयुष्याची तयारी करायला आला आहात. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, तो वारला. (त्या सेवेच्या तयारीसाठी मुलींना या दरीत यायला २०१८ साल उजाडावे लागले, हेही लिहून ठेवतो.)

या मुलांपैकी एकाचे नाव मला आधीपासून ठाऊक होते, फक्त तो इथला असेल असे वाटले नव्हते. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन स्टुअर्ड १९१८ मध्ये, सोळाव्या वर्षी, डीप स्प्रिंग्जला आला. पर्यावरण आणि संस्कृती यांच्या संबंधावरील त्याच्या मांडणीचा उल्लेख आम्ही पदव्युत्तर वर्गात घोकला होता. शेजारच्या ओवेन्स दरीतील पायूट या मूळनिवासी लोकांचा त्याने पुढे अभ्यास केला आणि १९३० मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली: हे लोक नांगरणी-पेरणी न करता, रानात आपोआप उगवणाऱ्या कंदांना आणि गवताला पाट काढून पाणी देत असत. शेती नाही आणि सिंचन मात्र आहे! ज्याने कोवळ्या वयात त्याच मुलखात दारे धरली असतील, त्यालाच असा पाट दिसत असावा, असे मला वाटते. हा माझा तर्क, पण पाण्याच्या भुकेल्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला तो करावासा वाटतो. त्या ओवेन्स दरीचे पाणी १९१३ मध्येच कालव्याने लॉस एंजेलिसला नेले गेले होते, आणि १९२४ मध्ये चिडलेल्या लोकांनी तो कालवा सुरुंग लावून फोडला. टेंभू आणि उरमोडी या सिंचन योजनांच्या पाण्यासाठीचे मोर्चे पाहिलेल्या माझ्यासारख्याला यात नवल वाटले नाही.

वाचताना कर्मवीर आठवणे अपरिहार्यच होते. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती कराडजवळच्या काले येथे १९१९ मध्ये, म्हणजे ननच्या दरीनंतर अवघ्या दोन वर्षांनी. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वतः राबत आणि एका पंगतीला जेवत. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९२७ मध्ये गांधीजींनी या बोर्डिंगाला राजर्षी शाहूंचे नाव दिले. दोन्हीकडे फावडे एकच, काळही एकच. पण तिकडे श्रम हा शिक्षणाचा भाग होता, आणि इकडे श्रमावाचून शिक्षणाच्या दारापर्यंत पोहोचताच येत नव्हते.

मी स्वतः ‘कमवा व शिका’ योजनेतला. महाविद्यालयाच्या शेतात सकाळी दोन तास काम करायचे, आणि तासाच्या हिशेबाने जे पैसे होत ते खाणावळीच्या बिलात परस्पर वळते व्हायचे. तीन वर्षांत ती रक्कम एकदाही माझ्या हाताला लागली नाही. तक्रार नाही, त्या पैशांवरच मी जेवलो. पण भाषणांत त्या कामाला ‘श्रमसंस्कार’ म्हटले जाई तेव्हा आम्ही मागच्या बाकांवर एकमेकांकडे पाहून हसत असू. डीप स्प्रिंग्जच्या मुलांचा मला हेवा वाटतो तो त्यांच्या धारेचा किंवा गंजीचा नव्हे. ननने विश्वस्तपत्रात त्या मुलांना संस्थेचे लाभधारक मालक ठरवले आणि आपला कारभार आपण चालवण्याचा अधिकार दिला. जी गुरे राखायची ती एका अर्थी आपली, जे नियम पाळायचे ते आपणच मान्य केलेले. आमच्या शेतात उसाच्या जागी भुईमूग घ्यावा का, हे आम्हाला कोणी कधी विचारले नाही. आम्हा सगळ्यांना शेतीतले कळत होते, हे विशेष.

रात्रीचे साडेअकरा झाले. यादी तशीच आहे.

सोमवार, सायंकाळ

यादीत सातवे नाव ज्या मुलाचे आहे, तो गेल्या महिन्यात पहिल्या तासाला जवळपास कधीच नव्हता, आणि होता तेव्हा झोपला होता. पंधरा दिवसांपूर्वी मी त्याला वर्गासमोर उभे करून, ‘महाविद्यालय ही धर्मशाळा नाही’ असे सुनावले होते. आज मधल्या सुट्टीत त्याला शिक्षककक्षाबाहेर बोलावले आणि पहाटे काय करतोस, एवढेच विचारले. तो आधी गप्प राहिला; त्याला वाटले, पुन्हा बोलणी बसणार.

मग म्हणाला, ‘‘सर, दोन जर्सी आहेत आणि एक म्हैस. वडील मुंबईला असतात, आईचा हात मोडलाय. चारला उठून धारा काढतो, सहाला डेअरीवर दूध घालतो, मग शेण-घाण करून एसटी धरतो. साडेसातची चुकली की पुढची नऊला.’’

‘‘म्हैस तुझ्या हाताला पान्हा सोडते?’’ मी विचारले.

‘‘पहिले आठ दिवस नाही सोडला,’’ तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. ‘‘मग आईची साडी अंगाला गुंडाळून बसलो, तेव्हा सोडला.’’

पहिला तास माझाच असतो. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला भेटून तो तिसऱ्या तासाशी बदलता येईल का ते विचारले; तो उद्या सांगतो म्हणाला. यादी मी अजून दिलेली नाही.